कधीच न खाल्लेल्या बोंबलाची चव

आधीच सांगतो, मी या विषयातला माणूस नाही. रोह्याला एका केमिकल कंपनीत प्लांट ऑपरेटर आहे. प्रेशर वाढलं तर का वाढलं, हे शोधून काढणं हेच माझं काम. भुतंखेतं, अंगात येणं, स्वप्नात येऊन कुणी काही सांगणं... असल्या गप्पा कँटीनमध्ये निघाल्या की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचो. आता हे लिहिताना तेच सहकारी वाचतील याची थोडी लाज वाटतेय. पण लिहितो.

मी जेमतेम दोन वर्षांचा असताना आई काविळीने गेली. तिचं नाव कमळ. मला ती अजिबात आठवत नाही — चेहरा नाही, आवाज नाही. लग्नातला एकच फोटो आहे, त्यातही तिची मान खाली आणि मुंडावळ्या पुढे आलेल्या. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं नाही आणि तिच्याबद्दल बोललेही नाहीत. आमचं घर माळकरी. रोह्याच्या आतल्या बाजूला भातशेतीचं गाव. घरात मासळी शिजणं सोडा, तिचा वास आला तरी आजी दार लावून घ्यायची. मी आजपर्यंत कधी मासा खाल्लेला नाही.

आईचं माहेर मात्र पेणच्या खाडीपट्ट्यातलं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन. आई गेल्यावर जाणं-येणं कमी होत होत थांबलंच. गेल्या वर्षी आईची धाकटी बहीण, सुमनमावशी, स्वतः रोह्याला आली. नातीचं लग्न होतं. म्हणाली, "कमलीच्या बाजूचा कुनीच नसतो रं आमच्या कार्याला. तू तरी ये." नाही म्हणता आलं नाही. सुट्टी टाकली आणि हळदीला गेलो.

दुपारची वेळ. दारात मांडव, मोठे मोठे स्पीकर, पोरं नाचत होती. मी कडेला खुर्ची घेऊन बसलो. ओळखीचं कुणीच नाही. नवरीला पाटावर बसवलं आणि तेवढ्यात लाईट गेली. स्पीकर बंद. पोरं वैतागली. आणि त्या शांततेत एक म्हातारी बाई गायला लागली.

ती मथुराआजी. त्या भागात लग्नाचे सगळे विधी होताना धवले नावाची जुनी गाणी म्हणतात, ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. मथुराआजी गावची धवलारीण. आवाज थकलेला होता, पण सूर पक्का. एकच ओळ ती लांबवत न्यायची, मागच्या बायका ती उचलायच्या. शब्द मला धड कळतही नव्हते. मुलगी निघाली, असं काहीतरी होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या ओळीला माझे डोळे चुरचुरायला लागले. पहिल्यांदा वाटलं, उन्हाचं आलोय, घाम डोळ्यांत गेला असेल. मी रडणारा माणूस नाही. आमची आजी गेली तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आणि इथे, परक्या मांडवात, गालावरून पाणी वाहत होतं.

मग मी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं... ते हात माझे नव्हते.

बारीक मनगटं. कोपरापर्यंत हळद. हिरवा चुडा. मी घाबरलो नाही, हे सर्वात विचित्र. ते हात बघणं अगदी साधं वाटत होतं, आपलेच असल्यासारखं. भीती होती, पण ती निराळी — आता इथून जावं लागणार आहे आणि कुणीतरी थांबवावं, अशी. आणि डोक्यात एक विचार स्पष्ट उमटला: तिथं खाडी नाय. माझ्या डोक्यात विचार असे येत नाहीत. मी 'नाही' म्हणतो.

कुणीतरी माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. कानाशी बाईचा आवाज आला, "खा गो. चावू नको, चोखून खा. वास यील."

आणि तोंडात चव आली. खारट, जळकट, किंचित कडवट. धागे धागे सुटत होते जिभेवर. इतकी खरी चव की मी गिळलं.

गाणं थांबलं. हात पुन्हा माझे झाले... केसाळ, घड्याळ घातलेले.

मावशी बाजूला येऊन उभी होती. "काय झाला रं? बरा नाय का वाटत?"

मी तिला फक्त चवीचं सांगितलं. ती हसली. "आरं, यो तर भाजलेला सुका बोंबील. तू कधी खाल्लास?"

"कधीच नाही."

तिचं हसू गेलं. म्हणाली, "तुझ्या आईचा जीव व्हता बोंबलावर. माळकऱ्यांच्या घरी दिली तवा सगल्यांनी चिडवला तिला."

"तिच्या हळदीच्या दिवशी तिने खाल्ला होता का?"

"हलदीला? देव बसलेले असतात घरात. नवरीला उपास. कोन दील?" मावशी तेव्हा लहान होती. तिला यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

मी ओटीवर गेलो. मथुराआजी भिंतीला टेकून पान लावत बसली होती. मावशीने ओळख करून दिली, "कमलीचा पोरगा." आजीने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम कमी बोललो. तिला शब्द सुचवायचे नव्हते.

"आईची हळद तुम्हीच म्हटली होती?"

"व्हय. मीच."

"तिने त्या दिवशी काही खाल्लं होतं का?"

आजीचा पानावरचा हात थांबला. मावशीला म्हणाली, "सुमन, जरा पानी आन गो." मावशी आत गेल्यावर हळूच विचारलं, "तुला कुनी सांगला?"

"कुणीच नाही."

मावशी गेली त्या दाराकडे तिने एकदा पाहिलं. मग म्हणाली, "दोन दिस पोटात काय नव्हता तिच्या. सारखी रडं. तिचा रडना बघून माझा गाना तुटं. सगल्या बाया हलद कालवाला गेल्या आन मी पदरात बांधून आनलेला बोंबील तिच्या हातात दिला. लय मोठा पाप केला, देवाच्या दारात. कुनाला बोलली नाय. माझ्या घरच्यांना पन नाय."

"चावू नको, चोखून खा, म्हणालात."

तिच्या हातातलं पान खाली पडलं. तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "वास यील म्हनून," ती म्हणाली. मग डोळे पुसले. "आता सांग कुनाला पन. मी किती दिस हाय."

मी ऑपरेटर माणूस, तपासल्याशिवाय राहवेना. एका पोराने हळदीचं शूटिंग केलं होतं, त्याच्याकडून व्हिडिओ घेतला. मागे कोपऱ्यात मी दिसतो. डोळे वाहतायत आणि उजवा गाल आत-बाहेर होतोय, गोळी चोखावी तसा. माझ्या खिशात साधी बडीशेपही नव्हती. तोच व्हिडिओ घरी, गाडीत, इअरफोन लावून, कितीदा ऐकला. पण हात येत नाहीत, चवही नाही.

रोह्यातल्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, "गाण्याने भावना ढवळल्या की तळाची आठवण वर येते. सगळं विसरलेले पेशंटही जुनं गाणं लागलं की बोलायला लागतात. पण त्यासाठी आठवण आधी आत असावी लागते." मी विचारलं, आईच्या लग्नातली माझ्या आत कशी असेल? ते म्हणाले, "तिथे मी थांबतो."

शेवटी गावी गेलो. आण्णा पडवीत वाल निवडत बसले होते. मी समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाटलं, बोंबलाचं ऐकून उठून जातील. ते वाल निवडत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या वेळेला तिला डोहाळे लागले होते. तेच हवं म्हणायची. मी नागोठण्याच्या बाजारातून आणायचो. शेतावर खोपीमागं भाजायचो. तुझ्या आजीला कळलं असतं तर दोघांनाही बाहेर काढलं असतं."

माळ घातलेला माझा बाप, खोपीमागे बोंबील भाजताना... मला हसू आलं.

त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्या हळदीत... ती कशी होती? तुला आतून कळलं ना?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोललो नाही. "घाबरली होती आण्णा. कुणीतरी थांबवावं असं वाटत होतं तिला."

त्यांनी मान हलवली. "मला वाटायचंच तसं. कधी विचारलं नाही तिला." सुपातले वाल त्यांनी हाताने सारखे केले. "पण नंतर हसायची. शेतावर तर फार हसायची. ते तुझ्या गाण्यात नव्हतं ना? ते मी सांगतो."

आणि सांजवेळ होईस्तोवर ते बोलत राहिले. माझ्या आईबद्दल, पहिल्यांदा.

आता कुणी म्हणेल, पोटात असतानाच ती चव मला मिळाली असेल. एकवेळ मानतो. पण चुडा? कानाशी बोललेलं ते वाक्य, जे दोनच बायकांना ठाऊक होतं आणि त्यातली एक कधीच गेली? वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे उत्तर असेल तर मला खरंच ऐकायचंय.

आण्णांना उत्तर नकोच आहे. परवा फर्स्ट शिफ्ट संपवून गेटबाहेर पडलो तर त्यांचा फोन. म्हणाले, "अजून एक आठवलंय तिचं. रविवारी ये, सांगतो."