रेषेपर्यंत पोचलेला हात

बोटीने नांगर टाकला तेव्हा समोर मातकट रंगाची एक सपाट पट्टी दिसत होती आणि तिलाच सगळे कुवेत म्हणत होते. ना डोंगर, ना झाड. चिपळूणजवळच्या शाळेतला मी ड्रिलमास्तर, शाळेच्या मोठ्या सुट्टीत जुन्या सोबत्याला भेटायला आलेला. एवढी मोकळी जमीन पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो इथे किती क्रीडांगणं आखता येतील हाच.

दाऊद धक्क्यावर उभा होता. आमच्या गावच्या हुतूतूच्या संघात मी चढाई करायचो आणि तो पकड. त्याने कंबर धरली की भलेभले आडवे व्हायचे. आता तो एका अमेरिकन तेल कंपनीच्या खानावळीत आचारी होता. "मास्तर, आलास ता बरा झाला," एवढंच म्हणून त्याने माझी वळकटी उचलली. शहरातल्या मिरकाब मोहल्ल्यात त्याच्या चुलतभावाच्या खोलीत आम्ही झुबेदी (म्हणजे आपलं पापलेट) आणि खुबूस (भट्टीतली रोटी) जेवलो. कोकमं मी घरून नेली होती म्हणून त्या कालवणाला काही अर्थ आला. बाजारात अजून आपला रुपया चालत होता, त्यामुळे परदेशी आल्यासारखं फारसं वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या लॉरीतून दक्षिणेला निघालो. अबू हलीफा गावाच्या खजुरी मागे पडल्या आणि मग नुसती वाळू. वाटेत चाक रुतलं. सगळ्यांनी उतरून ढकललं, आणि माझ्या एका चपलेचा अंगठा वाळूतच राहिला.

तळावर पहाटे मला जाग आली तर एक धिप्पाड अमेरिकन एकटाच पळत होता. दाऊदने सांगितलं, हा रॉय. नळांच्या कामावरचा मुकादम. पूर्वी त्यांच्या देशात चेंडू घेऊन पळण्यात त्याचं मोठं नाव होतं. त्या खेळाला ते फुटबॉल म्हणतात, पण चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट. तो पोटाशी धरून एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाडायचं. दोन वर्षं पगारी संघात खेळल्यावर रॉयचा डावा गुडघा गेला आणि तो इकडे आला. आता जुन्या प्रशिक्षकाचं पत्र आलं होतं, महिन्याभरात ये, एकदा पळून दाखव. जायचं तर इथली नोकरी सोडावी लागणार होती आणि ती परत मिळणार नव्हती. पत्र येऊन आठ दिवस झाले तरी उत्तर गेलं नव्हतं.

मी तीन पहाटे त्याला पाहिलं. चौथ्या दिवशी राहवेना. माझ्या शाळकरी इंग्रजीत मी त्याला म्हणालो, "तू डाव्या पायावर वळतच नाहीस."

त्याचा चेहरा उतरला. हे कोणाच्या लक्षात आलं नसेल असं त्याला वाटत होतं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. पाय पाहणं हाच माझा धंदा.

शुक्रवारी तळावरच्या अमेरिकनांचा त्यांच्या फुटबॉलचा सामना होता. तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचं मैदान. माणसं कमी पडली म्हणून दाऊद एकीकडे आणि मी रॉयच्या बाजूला. शेवटच्या रेषेजवळ रॉयने चेंडू माझ्या पोटात कोंबला. मी दोघांना हुलकावणी दिली. तोच दाऊदने जुन्या सवयीने कंबर धरली. रेषा हातभर पुढे! मीही जुन्या सवयीने श्वास रोखून उजवा हात लांबवला, रेषेला बोट टेकवलं आणि ऐटीत उठलो. चेंडू डाव्या हाताने पोटाशीच धरलेला होता. मैदान हसून लोळलं. दाऊदने मात्र मला गुपचूप सोडून दिलं होतं. त्याच्या हिशेबी तो बाद झाला होता.

रॉयने समजावलं की त्यांच्या खेळात माणूस पोचून भागत नाही, चेंडू पोचवावा लागतो. मग त्याने आमचा खेळ विचारला. मी सांगितला आणि वर म्हणालो की एकाच पायावर वळणाऱ्या गड्याला आम्ही दुसऱ्या चढाईत धरतो. तिकडचे लोकही धरतील. हजारो मैलांवर जाऊन कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

त्याने डाव्या बुटाची नाडी आवळली. मग म्हणाला, "आखा रेषा."

मी टाचेने रेषा ओढली. रॉय हुतूतू म्हणत आला. उच्चार ऐकून हसू येत होतं, पण दम पक्का होता. माझ्या खांद्याला हात लावून तो वळला आणि त्याची उजवी वाट दाऊदने अडवली. उरला डावा पाय. मला भीती वाटली. याला हे करायला लावणारा मी कोण? रॉयने डावा पाय रोवला आणि गर्रकन फिरला. दाऊदने कंबर धरलीच. दोघे आडवे झाले, पण रॉयचा हात लांब झाला, बोट रेषेला टेकलं आणि तोंडात हुतूतू अजून चालूच होतं.

तो उठला. गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. मग खोलीकडे गेला. संध्याकाळी दाऊद म्हणाला, "मास्तर, त्यान् पत्र धाडला."

परतीच्या बोटीवर मी फुशारकीतच होतो. घरी येऊन शाळा सुरू झाली. तीन वर्षं रॉयची काही खबर नव्हती. मग एक पाकीट आलं. तीन मोसम खेळला, मग गुडघा कायमचा थकला, आता गावच्या शाळेत माझ्यासारखाच मास्तर झाला आहे, असं लिहिलं होतं. शेवटच्या सामन्यात रेषेपाशी तिघांनी त्याला धरलं, तेव्हा त्याने माझ्यासारखाच हात लांब केला.

खाली एकच ओळ होती: "मास्तर, चेंडू त्याच हातात होता."

मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि फक्कीचा डबा घेऊन मैदानावर रेषा मारायला गेलो.