दुर्बीण खाली बघते

मावशींना ‘दुर्बीण’ हे नाव त्यांच्या धाकट्या दिरानं ठेवलं, आणि त्याला कारणही तोच. लग्न होऊन मावशी घरात आल्या त्या आठवड्यात दीर फाटकापाशी उभा राहून मित्राला सांगत होता, “वहिनी गुणाची आहे रे, पण कानानं ठार बहिरी.” मावशी लांब दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. तिथूनच त्या ओरडल्या, “भावजी, बहिरी आहे, आंधळी नाही!” भावजींची अशी बोबडी वळली की आठ दिवस ते वहिनीसमोर तोंडावर रुमाल धरून फिरले. मग त्यांनीच हे नाव गल्लीभर केलं.

आता हे त्यांना जमायचं कसं, ते ऐका. मावशी नऊ वर्षांच्या असताना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, कान गेले. आई डोक्याला हात लावून बसली नाही. तिनं लेकीला रोज आरशासमोर बसवलं आणि ओठ वाचायला शिकवलं. वाटतं तितकं ते सोपं नाही हं! ‘पान’ आणि ‘मान’ ओठांवर सारखंच दिसतं. त्यातलं कुठलं, ते मागच्यापुढच्या बोलण्यावरून ताडायचं. मिशीवाला माणूस म्हणजे तर शिक्षाच. चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले तेव्हा मावशींनी पहिल्याच रविवारी त्यांना सुनावलं, “तुमचा उपदेश मिशीत अडकतो.” बिचाऱ्यांनी पुढच्या रविवारी मिशी उतरवली.

मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. पुढे मोठी काच, काचेपलीकडे रस्ता, बसथांबा, दुकानं. कॉलर, खांदा, बाही असे हात आपसूक फिरायचे आणि डोळे रस्त्यावर. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण नोकरी सोडतंय, कोण सासूला काय म्हणतंय, सगळं उभ्या जागी! वाईट मनानं नव्हे बरं का. माणसांचं त्यांना भारी कुतूहल. नवव्या वर्षी जगाचा आवाज बंद झाला, तर बाई डोळ्यांनी त्याच्या मागे लागली, इतकंच.

मग ते शिंपीणबाईचं झालं. त्याला आता अकरा वर्षं होतील. शेजारच्या शिंप्याची बायको बसथांब्यावर बहिणीला सांगत होती की तिला दिवस गेलेत, आधी दोनदा टिकलं नव्हतं, म्हणून इतक्यात कुणाजवळ बोलणार नाही. मावशींनी ते काचेतून वाचलं. आनंद पोटात मावेना. संध्याकाळी शिंपीण कपडे न्यायला आली, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. मावशींनी तिला मिठीच मारली आणि मोठ्ठ्यानं अभिनंदन केलं. दोन आठवड्यांनी ते मूलही गेलं. मग त्या बाईला गल्लीतल्या प्रत्येकासमोर थांबून तेच सांगावं लागलं. पुन्हा ती एकदाच लॉन्ड्रीत आली. मावशींना नीट दिसावं म्हणून समोर उभी राहिली आणि म्हणाली, “हे कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, ते माझं होतं. तुम्ही माझ्या तोंडातून चोरलंत.”

बायबलातल्या दहा आज्ञा मावशींना लहानपणापासून तोंडपाठ. त्यातली चोरीची आज्ञा तरी आपण कधी मोडली नाही, याची त्यांना बालंबाल खात्री होती! त्या पाळकसाहेबांकडे जाऊन रडल्या. पाळकसाहेब म्हणाले, “कानांना झाकण नसतं, त्यामुळे आम्हा ऐकणाऱ्यांना निदान सबब आहे. तुमच्या डोळ्यांना पापण्या आहेत, मावशी.” दुसऱ्याच दिवशी मावशींनी आपलं टेबल भिंतीकडे तोंड करून लावलं. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी विचारलं, “अहो, भिंतीत काय ठेवलंय?” मावशी म्हणाल्या, “काही नाही, म्हणूनच.” जे आपल्याला उद्देशून बोललेलं नाही ते आपलं नाही, असा नियम त्यांनी त्या दिवशी करून टाकला.

नियम करायला काय जातं? पाळायला नाकी नऊ येतात. बसमध्ये समोरच्या बाकावर नवराबायकोचं जुंपलं की मावशींची मान आपोआप वळायची आणि त्यांना मुद्दाम खिडकीबाहेरची झाडं मोजावी लागायची. एका लग्नात तर नवरदेवाच्या दोन आत्यांचं अख्खं भांडण त्यांनी पाहून टाकलं. नंतर देवाला म्हणाल्या, “प्रभू, बघितलं. फार रंगलं होतं. क्षमा कर.”

आणि देव त्यांच्याशी बोलायचा. हे त्या सहसा कुणाला सांगत नसत. पण यातल्या एका गोष्टीचं त्यांनाही नवल वाटायचं. देव बोलायचा तो त्यांच्या आईच्या आवाजात, तोही चिडलेल्या आईच्या. कानांत राहिलेला शेवटचा आवाज तोच; दुसरा कुठून आणणार? त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, “हा देवच कशावरून? माझी आईच कशावरून नव्हे?” पाळकसाहेब म्हणाले, “आवाज कुणाचा ते सोडा, सांगतो काय ते बघा. नेहमी तुमच्या सोयीचंच सांगायला लागला, तर मात्र सावध व्हा.” मावशी म्हणाल्या, “सोयीचं? अजून एकदाही नाही!”

तर असं सगळं चाललेलं असताना घरमालकानं घर परत मागितलं. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन खोल्यांत लेक, सून आणि मावशी. लेक लिफ्ट दुरुस्त करायचा, सून दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची. घर शोधायला लागल्यापासून दोघं मावशींकडे पाठ करून बोलायला लागली. मावशींना प्रश्न पडला. आपल्याला बरोबर नेणार, की आपल्या थोरल्या बहिणीच्या गावी धाडणार? विचारायला जीभ रेटेना.

एका दुपारी मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या, म्हणून मावशी गिऱ्हाइकांसाठी पुढच्या टेबलाशी, काचेकडे तोंड करून उभ्या होत्या. समोर घरं दाखवणाऱ्या एजंटचं ऑफिस. त्याच्या काचेआड लेक आणि सून! एजंट फोनवर होता आणि सून नवऱ्याला काहीतरी पटवत होती. तोंड अगदी स्वच्छ उजेडात.

“आईंना…” एवढं मावशींना दिसलं.

मन लगेच वकिली करायला लागलं. माझ्याबद्दलच तर बोलतायत. माझं मी घेतलं तर चोरी कसली? मी काय मुद्दाम बघायला गेले? कोण जाणे, देवानंच त्यांना इथं आणून उभं केलं असेल! हा शेवटचा मुद्दा तर मावशींना फारच पटला. तेवढ्यात आईचा आवाज आला, “खाली बघ.”

“एकदाच. पुन्हा कधी नाही.”

“खाली बघ. कळायलाच हवं असेल तर जाऊन विचार.”

आली का पंचाईत! विचारायचं म्हणजे ‘नाही’ हे तोंडावर झेलायचं. इथून वाचलं तर निदान एकटीला रडून घेता येईल, संध्याकाळी हसतमुखानं घरी जाता येईल. मावशींनी मान खाली घातली. पांढरा शर्ट होता. कॉलर, खांदा, बाही. मान इतकी अवघडली की कुणीतरी वरून केस ओढतंय असं वाटावं. दुसरा शर्ट झाला. तिसऱ्याला त्यांनी इस्त्री बंद केली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि जमिनीकडे बघतच रस्ता ओलांडला. एका सायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबून शिव्या घातल्या. नशीब, त्या मावशींना दिसल्या नाहीत.

आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे मावशी घाबरल्या की तो टिपेला जायचा. ऑफिसच्या दारातून त्या ओरडल्या, “मला बरोबर नेणार आहात की नाही?”

एजंटनं कानाचा फोन खाली घेतला. लेक टेबलाकडे बघायला लागला. सून मात्र लालबुंद झाली. “बघ! सांगत होते ना तुला? तिथून वाचलं त्यांनी! आई, हेच मला नकोय. सात वर्षं झाली लग्नाला, मी माझ्या नवऱ्याशी एकदाही मनसोक्त भांडले नाही! तुम्ही पाठ करून बसलात तरी वाटतं, कुठल्यातरी ताटलीत माझं तोंड दिसत असेल. म्हणून म्हणत होते, आईंना नको.”

घ्या. उत्तर मिळालं, समोरासमोर. अकरा वर्षं भिंतीशी तोंड करून इस्त्री केली, आणि घरच्या माणसाला त्याचा पत्ता नाही! न बघितलेलं माणसानं दाखवायचं तरी कसं? मावशींना सुनेचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा देवाचाही.

“वाचलं नाही गं,” त्या म्हणाल्या. “‘आईंना’ एवढं दिसलं. मग खाली बघितलं.”

“मग इथं कशाला आलात?”

“पुढचं कळलं नाही म्हणून. वाचलं असतं तर विचारायला आले असते का? तिथंच रडत बसले असते.”

सून काहीतरी फटकन बोलणार होती, ती थांबली. मग, मावशींना कळावं म्हणून सावकाश, तिनं विचारलं, “इतक्या वर्षांत माझं काय काय वाचलंत? खरं सांगा.”

“पहिल्या वर्षी दोनदा चुकले. एकदा तू मला भोचक म्हातारी म्हणालीस.”

“आणि नंतर?”

“नंतरचं मला माहीत नाही. म्हणाली असशीलच.”

एजंटला हसू फुटलं, आणि ते लपवायला तो खोकत बसला. त्या दिवशी काहीच ठरलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मावशी टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. समोर लेक आणि सून नव्या घराचा नकाशा पसरून बसलेली. अचानक टेबलाला हादरा बसला आणि चार दाणे उडाले. पुन्हा हादरा. भांडण! आणि तेही चांगलं कडाक्याचं, हे टेबलावर टेकलेल्या कोपरांना कळत होतं. मावशींचा जीव कुतूहलानं नुसता कासावीस झाला. ‘प्रभू, आता घरातच आणून बसवलीस का परीक्षा?’ त्या मनात म्हणाल्या, आणि एकेक शेंग डोळ्यांजवळ नेऊन सोलायला लागल्या.

तेवढ्यात गुडघ्यावर कुणाचा तरी हात पडला आणि तो गदागदा हलवायला लागला. मावशींनी वर बघितलं. सुनेचे केस सुटलेले, चेहरा तापलेला. “आई, खाली काय बघताय? सांगा ना याला! खिडकीची खोली तुम्हाला द्यायची म्हणतेय मी, तर हा म्हणतो तिथं टीव्ही लावू!”

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. “थांब, थांब,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून सांग. मला यातलं काहीच माहीत नाही.”

सुनेनं खुर्ची त्यांच्या समोर ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.