यादीतलं मधलं नाव

"वरचं नको, खालचं नको, मधलं नाव वाच! मधलं!" नरसव्वा अशी काही ओरडली की आमच्या बिडी कारखान्याचे पत्रे थरथरले. पत्र्यांचं मी पदरचं सांगतोय असं वाटेल, पण मी तरी नक्की दोन पावलं मागं सरकलो. चाळीस बायका बिड्यांच्या टोपल्या पुढ्यात घेऊन माझ्याकडं बघत होत्या, आणि माझ्या हातात बक्षीस लागलेल्यांची छापील यादी होती.

नरसव्वाक्का जाऊन आता तीन आठवडे झाले. तिच्या लेकीनं दारातूनच सांगितलं, आणि मला पहिल्यांदा आठवली ती ही ओरड. गेलेल्या माणसाचे गुण आठवावेत म्हणतात... मला भीती आठवली. या बाईइतकं आयुष्यात मला कुणी घाबरवलं नाही. आणि त्यात पोलिस, सासरा आणि एकदा अंगावर धावून आलेला रेडा, असे तिघेही जमेला धरलेत.

मी त्या कारखान्यात चेकर. बायका घरी वळलेल्या बिड्या आणायच्या, मी टोपलीत कोपरापर्यंत हात घालून मधलंच एखादं बंडल उपसायचो, आणि त्यात चार बिड्या ढिल्या निघाल्या की मजुरीला कात्री. वरची रास कुणीही नीट रचतं, माल बघायचा तर मधला बघावा, असं मिशीवर हात फिरवत ऐकवायचो. मिशी तेव्हा एवढी होती की तिच्यावर दोन बंडलं वाळत घालता आली असती.

त्याच सुमारास शहरात बँकेची नवी शाखा निघाली होती, गरिबांसाठी म्हणून. पण फॉर्म इंग्रजीत, आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला कारकून म्हणायचा, "सही शिकून या." मग बायकांच्या कनवटीचे पाच रुपये जाणार कुठं? माझ्याकडं. एका बक्षीस योजनेचा मी एजंट झालो होतो. महिन्याला पाच रुपये भरायचे, दर महिन्याला सोडत. नंबर लागेल त्याला एकदम पाचशे आणि पुढचे हप्ते माफ. बाकीच्यांना मुदत संपल्यावर सगळे परत. माणसामागं मला कमिशन. परत कोण देणार, कशातून देणार... हे मी कधी विचारलंच नाही. मी त्या योजनेचं असं वर्णन करायचो की कुबेरानंही रांगेत उभं राहून पाच रुपये भरले असते.

नरसव्वाला अक्षरओळख नव्हती. पण नऊ महिन्यांत आमच्यातल्या एकीचाही नंबर लागला नाही, तेव्हा ती उठली.

"चेकर, तू आमच्या टोपलीतलं मधलं बंडल काढतूस न्हवं? मग तुज्या यादीतलं मधलं नाव काढ की."

नाव निघालं होटगीच्या कुणा शिवप्पाचं. रेल्वेत गँगमन.

"चल, विचारून येऊ त्याला," ती म्हणाली, "पाचशेचं काय केलंस म्हणून."

सोलापूर ते होटगी म्हणजे चंची सोडून पान जमवेपर्यंत संपणारा प्रवास. त्या रविवारी मात्र पॅसेंजर मला काशीला निघाल्यासारखी वाटली. घाम एवढा सुटला होता की दुष्काळातली एखादी विहीर भरली असती. शिवप्पा भेटू दे, एवढंच मनात घोकत होतो. चाळीस बायका, नऊ महिने... बेरीज करायचं धाडस होत नव्हतं.

शिवप्पाचं घर सापडलं. दारात त्याची बायको आली. नाव सांगितल्यावर तिनं मागं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर हार घातलेला फोटो.

"मालक व्हय? त्यांस्नी जाऊन तीन वर्सं झाली की."

यादीप्रमाणं शिवप्पाला गेल्याच महिन्यात बक्षीस लागलं होतं. नरसव्वानं त्या बाईकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, सगळं प्यायली, आणि स्टेशनाकडं चालू लागली.

परतताना मी हात जोडले. "अक्का, कुणाला बोलू नकोस. मी बघतो काहीतरी."

"काय बघतूस?"

"योजनेच्या मॅनेजरला गाठतो..."

"गाठ की. आदी सगळ्यांस्नी सांग. तुज्या तोंडानं मागितलंस, तुज्याच तोंडानं सांगायचं."

रात्रभर बार्शीच्या सासरवाडीला पळायचे बेत केले. सकाळी बाही धरून तिनं मला बायकांपुढं उभं केलं. मला वाटलं, चपलांचा पाऊस पडणार. मी सांगितलं... आणि कुणीच ओरडलं नाही. एक बाई नुसती टोपलीवरचं फडकं काढायची, पुन्हा टाकायची. काढायची, टाकायची.

मग सगळ्या त्या योजनेच्या कचेरीवर गेल्या. मॅनेजरनं दोन महिन्यांचे हप्ते परत दिले, तेही नरसव्वा जिन्यात आडवी बसली म्हणून. आठवड्याभरात दाराला कुलूप. उरलेले सात महिने माझ्या अंगावर. दर शनिवारी पगार हातात आला की नरसव्वा समोर हजर; आज कुणाची पाळी, हे तिला तोंडपाठ. शनिवार उजाडला की मला ताप यायचा. पावणेतीन वर्षं फेडत होतो. तोवर तिनं बायकांना बँकेतही नेलं, आणि कारकुनानं फॉर्म मराठीत मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय एकीलाही अंगठा उठवू दिला नाही. कारकून घाबरला तेव्हा मला फार बरं वाटलं. आता सरकारनं असल्या योजनांवर कायद्यानं बंदी घातली आहे. उत्तम झालं. आधी घातली असती तर माझ्यासारख्याला इतक्या सहज एजंट होता आलं नसतं.

शेवटची भेट सरकारी दवाखान्यात झाली. अक्का पार वाळली होती, तरी खाटेजवळ जायच्या आधी मी दोनदा दारातून मागं फिरलो. इतक्या वर्षांत विचारायची हिंमत झाली नव्हती, ते विचारलं. वाटलं, आता तरी म्हणेल, पोरा, तू मनानं वाईट नव्हतास.

"अक्का, तेव्हा मला पोलिसात का नाही दिलंस गं?"

तिनं कूस बदलली.

"तुला आत घातलं असतं, तर आमचे पैशे कुणी फेडले असते?"