पन्नास शेअरांचे मालक

मोठमोठे कारखानदार मी वर्तमानपत्रातल्या फोटोंत पाहिले आहेत, पण आपल्या कंपनीवर माझ्या भाटव्यांइतका जीव टाकणारा मालक साऱ्या हिंदुस्थानात झाला नसेल, हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आम्ही तिला बाई म्हणतो, तिचे यजमान. राहणार करडी. सात एकर धान, एक बैलजोडी, एक म्हैस, आणि डिझेल इंजिनं व पंप तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे पन्नास शेअर, ही त्यांची एकूण इस्टेट. त्यात बैल आणि शेत वडिलांकडून आले होते, म्हैस बाईच्या माहेरची, म्हणजे आमचीच होती. स्वतःच्या कर्तबगारीनं मिळवलेली अशी ती कंपनीच. कंपनीचे शेअर लाखांनी होते. त्यातले पन्नास म्हणजे कारखान्याच्या फाटकाचा एखादा खिळा होईल, असं मी एकदा गमतीनं म्हणालो. भाटवे जराही रागावले नाहीत. "खिळा तं खिळा," ते म्हणाले, "पन माहा हाय ना?"

आणि ही कर्तबगारीसुद्धा चुकून झालेली. सत्तरच्या दशकात केव्हातरी ते डोळे दाखवायला नागपूरला गेले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं सगळं धूसर, अशा अवस्थेत त्यांना एका दुकानाबाहेर लोक रांग लावून फॉर्म घेताना दिसले. फॉर्मवर पंपाचं चित्र होतं. स्वस्तात पंप मिळतो आहे, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी फॉर्म भरला, पाचशे रुपये भरले आणि करडीला येऊन पंप बसवायला विहिरीजवळ चौथरासुद्धा बांधून ठेवला. दोन-अडीच महिन्यांनी पंप न येता एक जाड पाकीट आलं. मी तेव्हा तुमसरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, म्हणून पाकीट घेऊन ते सायकलीवर थेट माझ्याकडे आले. मी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणालो, "भाऊजी, पंप नाही आला. कंपनी आली." कागद माझ्या हातून घेऊन त्यांनी पाकिटात ठेवला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली ती कायमची.

मालकीची ही बाधा मग वाढतच गेली. तुमसरच्या बाजारात कंपनीचा पंप विकायला ठेवलेला दिसला की ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्याची धूळ पुसत आणि दुकानदाराला विचारत, "काहून जी, आपला माल असा ठेवते का?" तो बिचारा यांना कंपनीचा इन्स्पेक्टर समजून चहा मागवायचा. लग्नाच्या पंगतीत बसलेले असताना लांब शेतात इंजिन सुरू झालं की घास हातात धरून ते कान टवकारत. "आपलं नाही," म्हणत आणि जेवू लागत. किंवा "आपलं हाय, पन वाल्व्ह ढिल्ला हाय," म्हणून पान सोडून उठत. इंजिन दुरुस्त करायला ते कुठून शिकले कोण जाणे, पण चिखल्यापासून करडीपर्यंत 'आपल्या' कंपनीचं इंजिन बंद पडलं की लोक यांना निरोप पाठवत आणि हे पाने-पक्कड घेऊन सायकलीवर निघत. पैसे विचारले तर म्हणत, "मालकानं आपल्याच मालाचे पैसे घ्यावं का?" बपेऱ्याच्या एका नातेवाइकानं दुसऱ्याच कंपनीचं इंजिन घेतलं, तेव्हा भाटव्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं नाही, पण त्या इंजिनानं उपसलेल्या पाण्यानं पायही धुतले नाहीत. विहिरीत बादली सोडून स्वतः पाणी काढलं. पहिल्या वर्षी लाभांशाचा कागद आला तोही त्यांनी वटवला नाही. "नवी नवी कंपनी हाय, आत्ताच कायले तरास द्याचा?" शेवटी बाईनं तो माझ्या हाती देऊन बँकेत पाठवला आणि आलेल्या पैशांतून घरात हळद-तिखट भरलं. हे मात्र त्यांना महिनाभर कळू दिलं नाही.

ऐंशी सालानंतर कंपनीनं नवा कारखाना काढायचं ठरवलं आणि त्यासाठी परिवर्तनीय कर्जरोखे विकायला काढले. जुन्या भागधारकांना मान पहिला, म्हणून भाटव्यांनाही पाकीट आलं. ते वाचून समजावून सांगताना मला घाम फुटला. योजना अशी होती: शंभर रुपयांचा एक रोखा. म्हणजे आपण कंपनीला शंभर रुपये उसने द्यायचे, कंपनी दरसाल व्याज देणार. काही वर्षांनी ती पत्र पाठवून विचारणार की तुमचे शंभर परत देऊ, की त्याऐवजी पंचवीसच्या भावानं चार शेअर देऊ? तेव्हा शेअरचा भाव बाजारात बावीसच्या आसपास होता. पुढे तो चाळीसवर गेला तर पंचवीसला मिळणारे शेअर म्हणजे चांदीच. कंपनीचाही त्यात फायदा होता. अशा आशेवर लोक कमी व्याजात राजी होतात, आणि त्यांनी शेअर घेतले तर कर्ज फेडावंच लागत नाही. कर्ज देणाराच घरचा माणूस होऊन जातो.

"म्हंजे मी आता मालकबी अन् सावकारबी!" भाटव्यांचा चेहरा फुलला.

बाई चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं तिथूनच विचारलं, "अजी, शेअर घेतल्यावर व्याज भेटन का?"

मी म्हणालो, "नाही बाई. मग व्याज बंद. नफा झाला तर लाभांश."

"अन् साऱ्याईनंच शेअर घेतले तं? पंगतीत मानसं वाढन, अन् भाजी तं तेवढीच."

मी थक्क झालो. चार पानांच्या इंग्रजीत कंपनीनं जे लपवत लपवत सांगितलं होतं, ते बाईनं भाकर उलटता उलटता सांगितलं होतं. जुन्या भागधारकाचा वाटा लहान होतो, तो असाच. भाटवे मात्र मागे हटले नाहीत. "पन त्याच पैशानं नवी चूल नाही का येऊन राहिली? भाजीबी वाढन ना!" हेही खोटं नव्हतं. दोघं बरोबर बोलत होते आणि मी मध्ये बसून भाकर खात होतो.

बाईनं धान विकून तीन हजार रुपये बाजूला ठेवले होते. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, दरवर्षी फेरावे लागत, माकडं ते फोडत, म्हणून तिला टिनं टाकायची होती. ते तीन हजार रोख्यांत गेले. बाईनं एकच अट घातली, रोखे दोघांच्या नावावर पाहिजेत. भाटव्यांचं पाहून गावातल्या सहा घरांनीही थोडे थोडे रोखे घेतले. कुणी पाच, कुणी दहा. मालकच म्हणतात म्हटल्यावर शंका कुणाला येणार!

पुढच्या काही वर्षांत कंपनीचं बिनसलं. नवा कारखाना उभा राहायला उशीर झाला, खर्च वाढला, आणि दरम्यान खेडोपाडी वीज येऊ लागली तशी डिझेलची इंजिनं कमी खपू लागली. नागपूरचं वर्तमानपत्र करडीला संध्याकाळच्या बसनं यायचं. भाटवे बसथांब्यावर उभे राहून आधी शेअरचा भाव बघत. वीस, एकोणीस, अठरा. भाव उतरला की त्याचा दोष ते स्वतःकडे घेत. कुठल्या तरी गावचं इंजिन बघायला जायचं राहिलं असेल, असं त्यांना वाटायचं. आणि नेमका भाव सतरावर असताना कंपनीचं ते पत्र आलं: पैसे हवेत की शेअर?

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पैसे घेतले तर रोख्यामागे शंभर मिळणार होते. शेअर घेतले तर सतरा चोक अडुसष्ट. मी तसं सांगितलं. भाटव्यांनी मान डोलावली आणि त्याच दिवशी ते सहाही घरी गेले. प्रत्येकाकडून त्यांनी पैसे परत मागण्याच्या कागदावर सही घेतली, ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा घेतला. "तुमी काय करून राहिले?" असं प्रत्येकानं विचारलं. "मीबी पैसेच घेऊन राहिलो," असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. माझ्या माहितीत त्यांच्या आयुष्यातलं हे एकमेव खोटं, आणि तेही सहा वेळा बोललेलं.

घरी येऊन त्यांनी स्वतःचा कागद माझ्यापुढे ठेवला. "याच्यावर शेअर लिही."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "भाऊजी, हजार रुपये चुलीत घालून राहिले तुमी!"

"मास्तर, साऱ्याईनं आपापले पैसे मांगतले तं कंपनी देईन कुठून? मशीनी इकून?"

"मग त्या सहा जणांना का मागायला लावले?"

"त्याईनं माह्या भरोशावर देल्ले होते. त्याईचे आले पायजे. माही गोष्ट अलग हाय. मी मालक हावो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंपनी अडचणीत हाय अन् मालकच आपला पैसा काढून पयते, हे बरं दिसते का?"

पण सही दोघांची लागणार होती. बाई पदराला हात पुसत आली. तिनं कागद घेतला, आढ्याकडे एकदा बघितलं. कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. "अजी, कंपनी बुडली तं?"

"तं आपुन बुडलेल्या कंपनीचे मालक."

बाईला हसू आवरलं नाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं होतं की टिनांचं, मला आजवर ठरवता आलेलं नाही. ती म्हणाली, "तीस सालं झाले, पाहून राहिली मी तुमाले, तुमी काही सुधरत नाही." आणि चौथीपर्यंत शिकलेल्या वळणदार अक्षरात तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

कंपनी बुडली नाही. पैसे परत देताना तिची फार ओढाताण झाली, दोन वर्षं लाभांश मिळाला नाही, पण ती विजेच्या मोटारी करू लागली आणि हळूहळू सावरली. भाव तीसवर गेला तेव्हा मी म्हणालो, आता विका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हैस नव्हे तर बाईलाच विकायला सांगतो आहे. टिनं आली ती एका चांगल्या हंगामाच्या धानातून. त्या सहा घरांना खरं काय ते केव्हातरी समजलंच. त्या वर्षीच्या धानाच्या रोवणीला सहाही घरची माणसं न बोलावता भाटव्यांच्या शेतातल्या बांधीत उतरली.

त्यानंतर भाटव्यांच्या मनात एकच प्रश्न राहिला. पैसे न घेता शेअर घेणारे आपल्यासारखे आणखी किती जण होते? मी कंपनीचा अहवाल पालथा घातला. त्यात शेअरांचा आकडा होता, माणसांचा नव्हता. मग त्यांनी ठरवलं की मुंबईला वार्षिक सभेला जायचं आणि साहेबांनाच विचारायचं. मला म्हणाले, "तू चाल. तिथं इंग्रजी लागन." माझ्याकडे सहामाहीचे पेपर तपासायला होते. रजा मिळणार नाही असं मी सांगितलं. खरं म्हणजे मागितली असती तर मिळाली असती. पण कुर्ता-धोतरातल्या भाटव्यांबरोबर त्या सभेत उभं राहायचं, याची मला थोडी लाज वाटत होती. मी त्यांना त्या प्रश्नाचं इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहून दिलं आणि तुमसर रोड स्टेशनावर गाडीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत ते ओठांतल्या ओठांत पाठ करत होते.

चार दिवसांनी ते परतले. मोठा हॉल होता, पंखे आपल्या नाही, पण चांगल्या कंपनीचे होते, सरबत दिलं, असं सगळं त्यांनी बाईला सांगितलं. मी विचारलं, "प्रश्न विचारला?"

"इचारला ना. उभा राहून इचारला. सारे माह्याकडं पाहून राहिले होते. सायेबानं चष्मा काढला, अन् लय वेळ उत्तर देल्लं. मधात एकदा हात जोडले."

"काय म्हणाले?"

"मले कुठं समजते बाबू? इंग्रजीत बोलले ते." भाटवे हसले. "मी मान हालवत राहिलो. एवढा मोठा मानूस एवढ्या आपुलकीनं सांगून राहिला होता, समजलं नाही म्हनायले बरं नाही वाटलं."

त्यात तक्रार नव्हती. तू असतास तर, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, आणि पुढे जगले त्या वर्षांतही कधी म्हणाले नाहीत. आज ते नाहीत. मी निवृत्त झालो, इंग्रजी शिकवून शिकवून तोंडाला फेस आला, पण त्या दुपारी त्या हॉलमध्ये हात जोडून त्या साहेबांनी माझ्या भाटव्यांना काय सांगितलं, तेवढं इंग्रजी मात्र माझं ऐकायचं राहून गेलं.