सगळ्यांना बंदी, म्हणजे सगळ्यांना

हसणार नसाल तर सांगतो. नाही, तुम्ही हसणारच! पण आधी तो चहा संपवा, नाकातून येईल.

बेलापूरच्या सरकारी कचेरीत मी तीस वर्षं कपाटांना कुलपं लावली. रिटायर झालो आणि नेरूळला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. मला 'साहेब' म्हणणारी जगात तेवढी एकच जागा उरली होती हो! जीव होता माझा त्या पदावर.

तर झालं काय, कुणीतरी सभेच्या इतिवृत्तात माझ्या भाषणापुढे 'काही कळले नाही' असं टाइप करून ठेवलं. डोकंच फिरलं माझं! त्याच दिवशी फोल्डरच्या सेटिंगमध्ये शिरलो, यादीतलं 'एव्हरीवन' निवडलं आणि लिहिण्यापुढे 'डिनाय'ची, म्हणजे मनाईची, खूण केली. वाचा हवं तेवढं, लिहायचं काम नाही!

दोन महिने काही लिहायची वेळच आली नाही. मग आला परवाचा रविवार. अकराला वार्षिक सभा. तिथे वाचायचं म्हणून नऊ वाजता सोसायटीच्या ऑफिसात बसून इतिवृत्तातलं ते 'काही कळले नाही' खोडलं, सेव्ह दाबलं, तर पडद्यावर काय? तुम्हाला परवानगी नाही!

मला? सेक्रेटरीला?

कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. वायर हलवली. गणपतीचं नाव घेतलं. परवानगी नाही म्हणजे नाही!

"अहो, दुसरीकडे कुठेतरी सेव्ह करा की," चहा घेऊन आलेली बायको म्हणाली.

"रेकॉर्ड जिथलं तिथेच राहतं!"

"मग तुम्हीच काहीतरी करून ठेवलं असेल."

हे ऐकून तर रडूच यायचं बाकी होतं. कुलूप माझं, किल्ली माझी, आणि दार मलाच उघडेना? म्हणजे कुणीतरी कुलूप बदललंय! झालं, टाकला ग्रुपवर मेसेज : 'सोसायटीच्या रेकॉर्डशी छेडछाड झाली आहे. दोषी व्यक्तीने आजच्या सभेत कमिटीचा राजीनामा द्यावा.'

पाच मिनिटांत पाटीलशेठ ऑफिसात हजर. मूळचे इथल्याच सारसोळे गावचे. मी बोलायला उभा राहिलो की कमिटीत पहिली जांभई त्यांची.

"सेक्रेटरी, मेसेज माझ्यावर हाय का?"

"ज्याला लागला त्याच्यावर!"

"आरे, मना तो डबा चालू पन करता येत नाय! थांब, सुनेला बोलावतो."

त्यांची सून स्नेहल महापेला कॉम्प्युटर कंपनीत आहे. ती येईपर्यंत दारात निम्मी सोसायटी जमली. तिने दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "काका, इथे एव्हरीवनला बंदी घातलीय कुणीतरी."

"कुणीतरी काय? मीच घातलीय!" मी छाती फुगवून म्हणालो. "तिला हात लावू नकोस. कुलूप कुणी बदललं ते शोध."

पोरीने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"काका, एव्हरीवनमध्ये तुम्ही नाही का येत?"

काय सांगू! तीस वर्षं मी 'सर्व कर्मचाऱ्यांनी वेळेवर यावे' अशी पत्रकं काढली. त्या 'सर्व'मध्ये मीही असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पाटीलशेठ खुर्ची ओढून बसले. या वेळी जांभई नाही. "सेक्रेटरी, तो तुजा मेसेज जरा मोठ्यानी वाच बघू."

वाचला. दुसरं करतो काय? स्नेहलने ती खूण काढून टाकली. मी तिथेच बसून माझा राजीनामा टाइप केला, आणि रेकॉर्ड जिथलं तिथे म्हणून त्याच फोल्डरमध्ये टाकला.

एका टिचकीत सेव्ह झाला हो!