आता माझं ऐका, दादा

“आधी त्यांचं होऊ द्या,” असं म्हणत मावशी एक हात वर करायच्या आणि फोन कानाला घट्ट दाबायच्या. निवडणूक आली की तुमच्याआमच्या फोनवरही तो आवाज येतो: “नमस्कार, मी तुमचा हक्काचा माणूस बोलतोय.” आपण शिवी हासडून कट करतो. मोशीच्या आमच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या मावशी मात्र पदर सावरून उलट नमस्कार करायच्या.

आवाज थांबला की घाईघाईने सुरू व्हायच्या. “दादा, आता माझं ऐका. गल्लीच्या तोंडाला खांब हाय, त्याच्यावर दिवा न्हाई. सून चाकणच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून…”

तेवढ्यात फोन कट.

“गडबडीत असतील,” मावशी म्हणायच्या.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला, मला राहवेना. “मावशी, ते रेकॉर्डिंग आहे. पलीकडे कुणी नसतं!”

“मला काय येडी समजतो का लेकरा? रेकॉर्डिंगच हाय. त्यांचं रेकॉर्ड होतंय, तर माझंबी होतच असंल की. निवांत ऐकत असतील.”



मग एका सकाळी ताशांच्या गजरात उमेदवार स्वतः गल्लीत आले. मावशी ओवाळायचं ताट घेऊन पुढे. “दादा, फोनवर दिव्याचं सांगितलं व्हतं बगा.”

त्यांनी चालता चालता हात जोडले. “हो हो ताई, लक्षात आहे.” आणि पुढच्या दाराकडे वळले.

“बग!” मावशी मला म्हणाल्या. “पोचतंय न्हवं?”

दिव्यासाठी गल्लीतल्या बायकांना घेऊन महापालिकेवर जायचं आम्ही ठरवलं, तेव्हा मावशीच आल्या नाहीत. “कशाला उगा? त्यांच्या लक्षात हाय.” त्यांचं ऐकून बाकीच्याही थांबल्या. ‘लक्षात आहे’ या दोन शब्दांत मोर्चा मोडणारा उमेदवार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

निकाल लागला, फोन थांबले. मावशी तरी मोबाइल चार्ज करून मांडीवर ठेवायच्या. दिवा नसलेल्या त्या खांबाजवळच्या अंधारात एकदा दोघांनी सुनेचा रस्ता अडवला. ती ओरडली तसे पळाले. पण तिने कंपनी सोडली. मग एकट्या मुलाच्या पगारात भागेना. सगळं घर गावी, लातूरकडे परत गेलं. टेम्पोत बसताना मावशींनी खांबाकडे पाहिलं. “त्यांच्या लक्षात व्हतं रे,” एवढंच म्हणाल्या.

आता पुन्हा निवडणूक आहे. आवाज तोच. मी कट करत नाही. बोलणं संपल्यावर फोन तुटण्याआधी दोन श्वासांएवढी शांतता असते. एवढ्याशा जागेतून मावशी आपल्या सुनेला घरापर्यंत आणू पाहायच्या.