गाडी विकली, पाण्याचा कॅन ठेवून घेतला

मंडळी, माझ्या जुन्या गाडीचं इंजिन चढावर तापतं म्हणून मी याच ग्रुपवर तीनदा रडलोय. तुम्ही सांगितलंत, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. मी खोललं नाही. डिकीत पाण्याचा कॅन ठेवून गाडी चालवली आणि दिवाळीनंतर विकून टाकली. घेणाऱ्याला शंका नको म्हणून कॅन तेवढा काढून घेतला.

आज सकाळी त्र्यंबक रोडला तीच गाडी बॉनेट उघडून उभी. शेजारी नामदेवअण्णा, मखमलाबादचे फुलशेतीवाले. त्यांनीच ती घेतली होती. मागच्या सीटवर झेंडूचे क्रेट, उन्हानं सुकत चाललेले.

मी थांबलो, तर तेच ओशाळले. "भाऊ, गाडी चांगली हाय हो तुमची. मलाच नीट चालवता येत नाय. तुमच्याकडं कधी अशी तापली नसंल ना?"

"नाही," मी म्हणालो.

सवयीनं तो कॅन आता माझ्या नव्या गाडीत असतो. इंजिन निवल्यावर त्यातलंच पाणी भरून दिलं. अण्णांनी बळेबळे ओंजळभर झेंडू दिला आणि म्हणाले, "ह्या गाडीवाल्यांचा ग्रुप असतो म्हणे. मला बी घ्या ना त्यात."

घरी येऊन आधी काय केलं, तर माझ्या जुन्या पोस्ट उडवायला बसलो. एक उडवलीही. मग स्वतःचीच किळस आली.

ॲडमिन, अण्णांना आजच ग्रुपमध्ये घ्या. तोंडावर खरं बोलायला माझी जीभ रेटली नाही. तुमची रेटली असती का?

अण्णा, वाचत असाल तर ऐका. गाडी तुम्ही नीटच चालवता.